फ्रिजवरचा कागद

परवा दुपारी जेवणं उरकली होती, ओटा पुसून झाला होता आणि चहाला अजून तासभर होता. त्या मधल्या वेळात मी फ्रिजसमोर उभा होतो. उद्या भाजी काय करायची, हा विचार मी फ्रिजसमोर उभं राहूनच करतो. दार मात्र उघडत नाही, कारण उघडलं की आतला अर्धा दुधी दिसतो. सोमवारपासून ओल्या फडक्यात गुंडाळून बसलाय बिचारा, मुळव्याधीच्या पेशंटसारखा एका कडेवर टेकून, आणि दार उघडलं की माझ्याकडे बघतो.

म्हणून मी आपला दारावरचा कागद वाचतो. हा कागद बायकोने केलाय. 2020 साली सगळं बंद झालं तेव्हा तिला कामावर जावंच लागायचं आणि मी घरी लॅपटॉप घेऊन बसलेला, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला आणि पुढे सगळं सुरळीत झालं तरी तो काही परत गेला नाही. पहिल्या महिन्यात मी तिला दिवसातून चार वेळा फोन करायचो, आज काय करू, आज काय करू. शेवटी तिने एका रात्री बसून ए फोर कागदावर चार रकाने आखले, कोणाला काय चालत नाही ते लिहिलं, चुंबक लावून फ्रिजवर डकवला आणि म्हणाली, आता मला विचारू नकोस.

तो कागद म्हणजे आमच्या घराची राज्यघटना आहे, आणि दुरुस्त्याही तितक्याच झाल्यात. लेकीच्या रकान्यात 'पालेभाजी नाही' असं आहे, त्याखाली बारीक अक्षरात 'पालक चालेल, पण दिसता कामा नये'. आता पालक न दिसता कसा असेल हे तिने सांगावं. मुलाच्या रकान्यात काय चालत नाही ते लिहायला जागा पुरेना म्हणून बायकोने उलट केलं आणि काय चालतं ते लिहिलं : बटाटा. बास. टोमॅटो चालतो पण तुकडा नको, कांदा चालतो पण चावला जाता कामा नये, आणि कोथिंबीर तो अशी वेचून काढतो की जवाहिऱ्याने हिरे निवडावेत. सासूबाईंना वातूळ काही चालत नाही, म्हणजे वाल, पावटा, हरभऱ्याची डाळ आणि परत बटाटाच! शिवाय चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि स्वतःच्या रकान्यात बायकोने फक्त 'कारलं' लिहिलंय, मोठ्या मनाने, पण खरं म्हणजे तिला कालची कुठलीच भाजी आज चालत नाही, ते मात्र तिने लिहिलेलं नाही.

हे सगळं सांभाळून, वेगवेगळं करून, आणि महिन्याचं गणित न बिघडवता. पनीर आणि मशरूम आणलं की सगळे गपगुमान जेवतात हे मलाही कळतं, पण 25 तारखेनंतर पनीर कुठून आणायचं? तेव्हा पिठलंच. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, फोडणीत लसूण जरा सढळ हाताने, आणि पातळ केलं तर भाताबरोबर, घट्ट केलं तर भाकरीबरोबर, म्हणजे एकाच डब्यातल्या पिठाचे दोन वेगळे पदार्थ म्हणून खपतात. (सासूबाईंना बेसन चालतं. हरभऱ्याची डाळ वातूळ, तिचं पीठ वातूळ नाही. मी विचारलं नाही.) उरलेल्या वरणाच्या चकोल्या, उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी, आणि दोडका आणला की सोलताना निघालेल्या शिरांची तीळ-खोबरं घालून चटणी. गंमत म्हणजे दोडका कोणी खात नाही आणि शिरांची चटणी संपते. शिरांसाठी दोडका आणायचा आणि दोडक्याचं काय करायचं हा आमच्याकडचा खरा प्रश्न आहे.

दुधीचं तसं नाही, दुधी मला वश झालाय. दुधी हा मुळात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतो, हे जमेला धरलं की तो कशातही लपतो. आधी एक तुकडा चाखून बघायचा, कडू लागला तर अख्खा टाकून द्यायचा, तिथे काटकसर करायची नाही, कडू दुधी खरंच बाधतो. गोड निघाला की किसायचा, मीठ लावून पाच मिनिटं ठेवायचा, त्याला सुटलेल्या पाण्यातच थालीपिठाची भाजणी भिजवायची, वरून पाण्याचा थेंब घालायचा नाही. तीळ, ओवा, तिखट, हळद जरा जास्त म्हणजे रंग झाकतो. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे बोटाने भोक पाडायचं, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं आणि फडकं हळूच सोलून घ्यायचं. ते सोलताना एका कडेला थालीपीठ फडक्याबरोबर उठायला लागतं तो क्षण मला अजूनही धडकी भरवतो. मग भोकात तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, आणि चुर्र आवाज थांबला की उलटायचं.

"यात पांढरं काय आहे?" मुलगा विचारतो. सात वर्षांचा आहे पण नजर कस्टमवाल्याची.

"खोबरं."

"आणि हे हिरवं?"

"खोबऱ्याला असतं कधीकधी."

खातो. दोन खातो. मी तोंडावर काही दाखवत नाही. कुठेतरी वाचलं होतं की मुलांपुढे एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा आली की मग त्यांना ती आपली वाटायला लागते, पण त्यात बहुतेक भाजी ओळखीने यावी लागते, माझी बुरख्यात येते. पाच वर्षं दुधी खाऊनसुद्धा तो अजून दुधीला भेटलेला नाही.

तसा मी याबाबतीत बराच उदार झालोय. पूर्वी वाटायचं की ही सगळी नाटकं आहेत, दोन दिवस उपाशी ठेवलं की खातील दगडसुद्धा. मग एकदा ती अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतली गोष्ट वाचली, 1931 च्या सुमाराची. आर्थर फॉक्स नावाच्या केमिस्टच्या हातून एक पावडर हवेत उडाली, शेजारचा माणूस कडू कडू म्हणून ओरडायला लागला आणि फॉक्सला तर काहीच चव लागेना. दोघांचं भांडण. मग कळलं की दोघंही खरं बोलतायत, काहींच्या जिभेला ते जन्मतःच कडू लागतं आणि काहींच्या नाही. तेव्हापासून बायकोने कारल्याला नाक मुरडलं की मी गप्प बसतो. काय सांगावं, आपल्याला जे लागतच नाही ते तिला लागत असेल.

तर असा उदार होऊन मी कागदासमोर उभा होतो आणि लेक पाणी प्यायला आली. बारावं लागलंय तिला, हल्ली प्रश्न विचारते ते थेट उलटतपासणीचे.

"बाबा, यात तुझा रकाना का नाहीये?"

"मला सगळं चालतं म्हणून," मी म्हटलं. आणि खरं सांगतो, जरा छाती काढूनच म्हटलं.

"मग आपल्याकडे वांगं का नसतं?"

ग्लास सिंकमध्ये ठेवून ती गेलीसुद्धा. जाता जाता एवढं सांगून गेली की मैत्रिणीच्या डब्यातली भरली वांगी तिने खाल्ली आणि कसली भारी होती.

आता वांगं. हे बघा, वांग्याबद्दल मला वैयक्तिक काहीच म्हणायचं नाही. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती मी ऐकून आहे, जळगावच्या भरीताच्या वांग्याला तर जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचं सरकारी मानांकन, मिळालेलं आहे. बटाटा पोर्तुगीजांबरोबर बाहेरून आला, नावसुद्धा त्यांच्याकडूनच उचललंय आपण, आणि वांगं इथलं, शेकडो वर्षं इथल्या मातीतलं, हेही मान्य. पण ते शिजल्यावर आतून जे होतं, ती जी ओलसर, बियांची, गोगलगाईसारखी... जाऊ दे. शिवाय अळी असते. बाहेरून चकचकीत आणि आत बोगदा. 2010 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने बीटी, म्हणजे जनुक बदललेल्या, वांग्याला स्थगिती दिली तेव्हा पेपर हातात घेऊन मी एकटाच खुश झालो होतो. खरं तर ते वांगं त्या अळीवरच उपाय म्हणून काढलेलं, म्हणजे मी खुश व्हायचं काही कारण नव्हतं, पण कुठल्यातरी वांग्याला कोणीतरी नाही म्हटलं एवढंच मला पुरलं.

मुद्दा असा की मी कधी घरी जाहीर केलं नव्हतं वांगं नको म्हणून. गरजच पडली नाही. जो भाजी आणतो आणि जो करतो त्याला नको म्हणावं लागत नाही, तो फक्त आणत नाही. नाक मुरडताना दिसतात ते जेवायला बसलेले. मी या पाच वर्षांत एकदाही ताटाला नाव ठेवलं नाही, आणि माझ्या ताटात एकदाही वांगं आलं नाही, आणि या दोन गोष्टींचा संबंध लावायला बारा वर्षांची पोर यावी लागली.

आणि मग एकदम मला शेपू आठवला.

आमच्याकडे लहानपणी शेपू यायचा नाही. बाकी सगळं असायचं, मेथी, चाकवत, अंबाडी, राजगिरा, आणि ते ताटात पडलं की मुकाट खायचं. मी रडलोय अंबाडीसमोर बसून. पण शेपू नाही. का नाही विचारलं तर आई म्हणायची, "बाबांना सोसत नाही." बाबा पेपरातून मान वर न काढता हूं म्हणायचे. विषय संपला. मी शाळेत सांगायचोसुद्धा अभिमानाने, आमच्या बाबांना शेपू सोसत नाही, जसं काही त्यांना पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे.

चौथीत असेन, दिवाळीच्या सुट्टीत कराडजवळ आत्याकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ, चुलीपुढे आत्या भाकऱ्या थापतेय, तव्यावरची भाकरी फुगली की निखाऱ्याला टेकवून ताटात, आणि परातीएवढ्या कढईत शेपू, मुगाची डाळ घातलेला, लसणाच्या पाकळ्या अख्ख्या, वर सुक्या मिरच्या. तो वास मला नवाच होता. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग दुसऱ्यांदा घेतला. मग आत्याने न विचारता तिसऱ्यांदा वाढला तर माणसाने हात आडवा धरायचा असतो ना, यांनी ताट पुढे केलं. मी अख्ख्या पंगतीत ओरडलो, "बाबा! तुम्हाला सोसत नाही ना?"

आत्याचा हात भाकरीवरच थांबला. आई पलीकडे बसली होती, तिच्या ताटात शेपू नव्हता, नुसतं ठेचा आणि दही. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इथलं पाणी वेगळं आहे रे."

मी पुढची कित्येक वर्षं कराडच्या पाण्यावर विश्वास ठेवून होतो. कोणाला सांगू नका, पण कॉलेजात असताना एका मित्राला पोटाच्या तक्रारीवर तो उपायही सुचवलाय.

म्हणजे बाबा पंचवीस-तीस वर्षं शेपूशिवाय राहिले आणि वर आपल्या पोटाची बदनामी सहन करत राहिले. आईला त्याचा वास नको होता, एवढंच. स्वयंपाक तिचा, बाजाराची पिशवी तिची, चार पैसे वाचवून भाजी आणायची जबाबदारी तिची, तर तिला एवढं तरी असावं. मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. फक्त ती अंबाडी. अंबाडीसमोर मला बसवून ठेवायची तेव्हा तिला एकदाही शेपू आठवला नसेल का?

संध्याकाळी तिला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज म्हणून विचारलं, "आई, तुला शेपू आवडत नाही ना गं?"

"मला? मला काय धाड भरलीय? मला सगळं चालतं. अरे यांनाच सोसायचा नाही."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी बरं म्हटलं. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, मग तिने विचारलं आज काय केलंस जेवायला, आणि मी सांगितलं थालीपीठ, आणि ती म्हणाली भाजणी संपली असेल तर पाठवून देते.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कागदावर पाचवा रकाना दिसला, पेन्सिलीने आखलेला, पट्टी न लावता, वाकडा. वर 'बाबा' आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह. मी काही बोललो नाही. पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या मावशींकडे गेलो. आज वांगी घ्यायचीच, भरली करायची, दाण्याचा कूट, गोडा मसाला, सगळं रीतसर, आणि सगळ्यांसमोर बसून एक तरी खायचं.

मावशींकडे वांग्यांचा ढीग होता. काटेरी देठाची, लहान, जांभळी, 15 रुपये पाव. मी दोन-चार उचलून बघितली, उलटी केली, देठ बघितले.

चांगली नव्हती हो. सगळी किडकी.

बटाटे घेऊन आलो.