माजघराची भिंत: पाणी खालून येत नाहीये

मृगाचा पाऊस धरला आणि डागडुजी चाललेल्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या मागच्या भिंतीवर ओल पुन्हा उमटली. सिमेंटचं प्लास्टर खरवडलं, जांभ्या दगडाचे चिरे उन्हाळाभर उघडे ठेवून वाळवले, चुन्याचं प्लास्टर केलं, बाहेरचा कोबा फोडून जमीन जोत्याखाली नेली, वळचणीला पन्हळ लावली. हे सगळं मागच्या नोंदींत आलंय. त्यामुळे डाग दिसला तेव्हा मला रडूच कोसळलं. पण त्यानंतर जे हाती लागलं त्याने या भिंतीचा सगळा हिशोबच बदलला, म्हणून घाईने लिहायला बसलेय.

आधी छपराचं सांगते, कारण तिथे आनंदीआनंद आहे. एकही गळती नाही! वाळवी लागलेले वासे बदलून किंजळीचे घातले, रिपा सगळ्या नव्या केल्या आणि कौलं मात्र जुनीच वापरली. कमी पडलेली कौलं पलीकडच्या वाडीत पाडल्या जाणाऱ्या एका घराची मिळाली. ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी एक लक्षात ठेवा: मंगलोरी कौल म्हटलं की सगळी सारखी, असं नसतं. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, पुढे तिकडे अनेक कारखाने झाले आणि प्रत्येकाच्या साच्यात थोडा थोडा फरक राहिला. दोन कारखान्यांची कौलं एका ओळीत घातली की खाच नीट बसत नाही आणि वाऱ्याचा पाऊस नेमका तिथून आत येतो. आम्ही प्रत्येक कौल उलटं करून मागचा शिक्का बघितला, शिक्क्याप्रमाणे ढीग लावले आणि छपराच्या एका पाखीवर, म्हणजे एका उतारावर, एकाच शिक्क्याची कौलं चढवली. वेळखाऊ काम, पण रात्री धो धो पाऊस पडत असताना ओटीवर कोरडं निजायला मिळतं, त्याची मजा काही और आहे.

आता भिंत.

ओल खालून चढते तेव्हा भिंत जोत्यापाशी सगळ्यात जास्त भिजलेली असते. चिरा सच्छिद्र, सांध्यांत माती, त्यामुळे जमिनीतलं पाणी आपोआप वर ओढलं जातं. इथे उलटंच चित्र होतं. जोत्यापासून गुडघ्यापर्यंत भिंत कोरडी ठणठणीत. कमरेच्या उंचीवर वीतभर रुंदीचा काळपट पट्टा, आणि त्याच्या वर पुन्हा कोरडं. दोन दिवस उघडीप मिळाली की पट्टा फिकट व्हायचा आणि त्यावर केसाएवढे बारीक पांढरे तंतू उभे राहायचे. बोटाने पुसले तर पूड होऊन हातावर यायचे. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटलेला क्षार. तो तर सिमेंट होतं तेव्हाही होताच, पण तेव्हा प्लास्टरचे पापुद्रे निघत असल्यामुळे नेमकी उंची कधी कळली नव्हती.

ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर मी इथे बाजूला ठेवलं, आणि चिऱ्याच्या घरासाठी कुणी ते घेणार असेल तर पैसे वाचवा. ते मोजतं विजेचं वहन, पाणी नव्हे. लाकडासाठी उत्तम. पण भिंतीत क्षार असले की नुसत्या दमटपणानेही आकडा भलतीकडे जातो आणि घाबरवून सोडतो. याच आकड्याच्या जोरावर एका वॉटरप्रूफिंगवाल्याने मला भिंतीत भोकं पाडून केमिकल भरायचं भलंमोठं कोटेशन दिलं होतं.

आमच्या गवंडीकाकांचं म्हणणं अजूनही तेच होतं, "वैनी, पाणी खालसून येता. वर बघून काय गावतला?" माझंही मत तोवर तेच होतं. म्हणून साधी परीक्षा केली. उघडीप असताना, पट्टा फिकट झालेला बघून, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला. रात्री पाऊस आला. सकाळी फॉइलच्या भोवतालची भिंत काळी पडलेली आणि फॉइल सोडवलं तर खालचा चौकोन जसाच्या तसा फिकट! पाणी जमिनीतून किंवा भिंतीच्या आतून आलं असतं तर फॉइलखाली उलट जास्त ओल साचली असती. म्हणजे पाणी खोलीतल्या हवेतून येत होतं.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. गुडघा, कंबर आणि डोक्याच्या वर, अशा तीन उंचींवरून प्लास्टरचे तुकडे काढले, ओटीजीमध्ये पूर्ण वाळवले, प्रत्येकी १०० ग्रॅम मोजून घेतले आणि बशांमध्ये ठेवून खिडकीपाशी रात्रभर सोडले. सकाळी खालचा १०२ भरला, वरचा १०१ आणि कमरेचा १०७. ना जमिनीचा संबंध ना भिंतीचा, बशीतल्या तुकड्याने नुसत्या हवेतून ७ ग्रॅम पाणी ओढलं!

कारण सरळ आहे. साधं मीठसुद्धा हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की पाणी ओढून विरघळायला लागतं. नायट्रेटचे काही क्षार तर ५० टक्क्यांच्या आसपासच सुरू होतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबर हवा त्याच्या कितीतरी वर असते, म्हणजे असे क्षार भिंतीत असतील तर खालचं पाणी शंभर टक्के बंद केलं तरी पावसाळ्यात भिंत ओली दिसणारच. आणि क्षार कमरेलाच का? वर्षानुवर्षं जमिनीतून चढलेलं पाणी जिथपर्यंत पोचून वाळत होतं, तिथे ते बरोबर आणलेले क्षार टाकून जात होतं. पाणी गेलं, साठा राहिला.

हे क्षार आले कुठून हा प्रश्न शेजारच्या आजींनी एका वाक्यात सोडवला. "थंय गोठो होतो मा! म्हशी बांदीत." आमची मागची पडवी म्हणजे जुना गोठा. वर्षानुवर्षं गुरांचं मूत जमिनीत मुरलं, तिथे नायट्रेट तयार झाली आणि ती पाण्याबरोबर माजघराच्या भिंतीत चढली. त्यात सिमेंटचं प्लास्टर करणाऱ्या आधीच्या मालकांच्या कंत्राटदाराने बहुतेक खाडीची वाळू वापरली असावी. खरवडलेल्या ढिगातला खडा जिभेला लावला तर खारट लागतो.

म्हणजे कोबा फोडला ते काम वाया गेलेलं नाही, गुडघ्यापर्यंतची कोरडी भिंत त्याचाच पुरावा आहे. चुनाही आपलं काम चोख करतोय. सिमेंटने जे क्षार आत दाबून चिऱ्याचं पीठ करत आणलं होतं, तेच चुना बाहेर ओढून काढतोय. हे प्लास्टर क्षारांनी भरून खराब होणार आणि ते व्हायलाच हवं. चिरा वाचला पाहिजे, प्लास्टर पुन्हा करता येतं. एक मात्र नक्की करा: शेवटचा हात लाकडी रंध्याचाच ठेवा. लोखंडी गुरमाळ्याने घासून गुळगुळीत केलं की पृष्ठभाग बंद होतो आणि क्षार आतच अडकतात.

लगेच करायचं ते इतकंच: कोरड्या ब्रशने लोणा झाडायचा, खाली कागद धरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, पुसलं की सगळा क्षार विरघळून परत आत जातो. दिवाळीनंतर तो पट्टा आणि वर-खाली हातभर प्लास्टर काढून चिऱ्यावर कागदाच्या लगद्याचा लेप द्यायचा, तो वाळताना क्षार ओढून घेईल. त्यावर पुन्हा १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग नदीची धुतलेली वाळू. चुना भिजवलेलाच. पाकिटातला कोरडा चुना मी पुन्हा घेणार नाही, गेल्या खेपेच्या गोण्यांत गुठळ्या निघाल्या, म्हणजे दुकानात पडून पडून तो निम्मा मेलेला होता.

हे लिहितानाच सुचलं: लेपासाठी पाणीही बिनक्षाराचं हवं आणि विहिरीच्या पाण्याचा भरवसा नाही. पन्हळीखाली ड्रम लावून पावसाचं पाणी आत्ताच साठवते. सुरुवातीच्या सरींनी कौलं धुऊन निघालीच आहेत. लेप मात्र नोव्हेंबरपर्यंत थांबवायचाच. ऑक्टोबरमध्ये ऊन कडकडीत असलं तरी आपल्याकडची हवा दमटच असते. म्हणजे दिवाळीनंतरच. स्वयंपाकाचा ओटा या भिंतीला टेकवायचा बेतही रद्द. ओटा पूर्वेच्या भिंतीला जाईल आणि या भिंतीपुढे दोन पावसाळे काहीच ठेवायचं नाही, कपाटसुद्धा नाही.

घर डागडुजी करून विकणाऱ्या मित्रांसाठी एक कळकळीची विनंती. अशा भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल ठोकून ती झाकू नका. मागे चिरा कुजत राहतो आणि घेणाऱ्याला ते कळतं तेव्हा पाव भिंत गेलेली असते. गोठा कुठे होता हे गिऱ्हाइकाला सांगा, लेप आणि प्लास्टरचा खर्च किमतीतून वजा करा. आणि घर घेणाऱ्यांनो, मे महिन्यात पाहिलेल्या घराला हो म्हणू नका. आषाढात जा, भर पावसात जा, प्रत्येक खोलीत कमरेच्या उंचीवर हात लावून बघा आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला.

माझी एकच अडचण उरलीय. कागदाच्या लेपाबद्दल जे काही वाचलंय ते घट्ट दगडाबद्दलचं आहे. आमचा चिरा त्या पट्ट्यात आधीच भुसभुशीत झालाय, लेप सोडवताना त्याचा थर बरोबर निघेल अशी भीती वाटते. मध्ये पातळ सुती कापड लावून बघावं असं मनात आहे, आधी पडवीच्या बाजूला एका चिऱ्यावर. कुणी जांभ्यावर हे केलं असेल तर लेपाची जाडी किती ठेवली आणि किती वेळा बदलला, ते दसऱ्याच्या आत नक्की कळवा.