मालवणची जुळणी पणजीच्या माहेरी पोहोचली

डीएनए चाचणीत आमच्याशी जुळलेल्या ज्या गृहस्थांना मागच्या नोंदीत मी वंशवृक्षाच्या कडेला ‘अनोळखी’ म्हणून लिहून ठेवले होते, त्यांची जागा या महिन्यात जवळजवळ ठरली. ते मालवणचे, आमचे घर हर्णैचे, आणि दोन्ही घरांत एकमेकांची आठवण सांगणारे कोणीही उरलेले नाही.

माझ्याशी त्यांचे ११८ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजण्याचे एकक) जुळतात आणि आत्याशी २१४. ज्यांचे पणजोबा-पणजी एकच, अशा भावंडांत सरासरी सुमारे २३० जुळतात, म्हणून शोध आत्याच्या पणजोबांपर्यंत न्यायचा हे उघड झाले. मात्र आपल्याकडे एकाच पंचक्रोशीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्यामुळे सामाईक डीएनएचे लहान लहान तुकडे साचून बेरीज फुगते. तुकडे पिढीगणिक तुटत लहान होतात, म्हणून तिच्यावर विसंबण्याआधी सर्वांत लांब तुकडा पाहिला. तो ४६ सेंटिमॉर्गनचा निघाला, तेव्हा हे नाते जवळचे आहे अशी माझी खात्री पटली.

खरी वाट दाखवली ती एक्स गुणसूत्राने. आत्याच्या एक्सवरचा एक मोठा तुकडा या गृहस्थांशी जुळतो. बाप मुलीला देतो ते एक्स त्याला फक्त त्याच्या आईकडून आलेले असते, त्यामुळे माझ्या आजोबांच्या (आत्याच्या वडिलांच्या) वडिलांचे घराणे, म्हणजे ज्याचा कुलवृत्तान्त मी दोन वर्षे चाळत होतो तेच, या तुकड्यापुरते बाद झाले. आत्याच्या आजोळचा प्रश्न तिच्या सख्ख्या मामेभावाने सोडवला. त्याचीही चाचणी झालेली आहे आणि त्याच्याशी हे गृहस्थ मुळीच जुळत नाहीत. उरले आजोबांच्या आईचे माहेर, केळशी.

कुलवृत्तान्तात पणजीची ओळख एका ओळीत संपते: सासरचे नाव आणि माहेरचे आडनाव. तिच्या बहिणींचा पत्ता तिथे कसा लागणार? तो लागला स्वयंपाकघरात. आमच्या पितळी तपेल्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी पणजीच्या वडिलांचे नाव घातलेले आहे. त्याचा फोटो मी मालवणला पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या आजीच्या घंगाळाचा फोटो आला: तेच नाव, तेच आडनाव, खाली ‘केळशी’. त्यांची ही आजी म्हणजे आईची आई, त्यामुळे एक्सची वाटही अडत नाही. दोन बहिणी दोन बंदरांना दिल्या गेल्या. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेव्हा माहेरी तरी त्यांची गाठ कितीदा पडली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

याप्रमाणे आजोबा आणि या गृहस्थांच्या आई ही सख्खी मावसभावंडे ठरतात. तरीही ही रेघ मी अजून पेन्सिलीनेच ओढली आहे, कारण नाव घातलेले भांडे विकतही जाते आणि उसनेही राहते. केळशीला पणजीच्या भावाचे नातू आहेत. त्यांनी चाचणीला होकार दिला असून नमुन्याची नळी परवाच त्यांच्याकडे पोचवली.