वावरात मोजलेले हायकोर्ट

आमच्या भागात भांडण धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, निघते आणि निदान तोंडी तरी हायकोर्टात जाऊन पोचते. "हायकोर्टापर्यंत जाईन, पण धुरा सोडणार नाही" हे वाक्य वर्धा जिल्ह्यातल्या या गावांत इतके रुळलेले आहे की आठवीतल्या मुलांनाही ते पाठ असते. मात्र ते हायकोर्ट कोठे आहे, कोणी आणि कधी बांधले, आपल्यासारख्या माणसांची कोणती कामे तेथे निघतात, असे विचारले की वर्ग गप्प होतो. नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. त्यात मुंबईचे उच्च न्यायालय येते, त्याच्या खंडपीठांत नागपूरचे नाव येते. मुले त्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढतात आणि धडा पुढे सरकतो.

तो तसा सरकू देण्यात माझाही हात होता, हे येथेच कबूल करतो. कितीतरी वर्षे मी वर्गात असे सांगत आलो की उच्च न्यायालय मुंबईला होते, विदर्भातल्या लोकांना ते लांब पडे, म्हणून त्याची एक शाखा नागपूरला उघडली आणि तिच्यासाठी सिव्हिल लाइन्समध्ये ती घुमटाची इमारत बांधली. ऐकायला हे इतके सरळ वाटते की कोणी शंका काढली नाही. चूक पकडली ती एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी. ते पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत आणि कुळाच्या खटल्यासाठी वडिलांबरोबर नागपूरला गेल्याचे त्यांना लख्ख आठवते. शाळेच्या ओट्यावर बसून माझे बोलणे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "गुरुजी, तवा मुंबईचा काई संबंध नोता. नागपूरच राजधानी होती. रायपूरचे, जबलपूरचे पक्षकार आमच्यासंगच बसले रायत."

आजोबांचे म्हणणे खरे होते. तिसरे रघुजी भोसले १८५३ साली वारले, त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. वऱ्हाड निजामाचा होता. १९०३ पासून त्याचा कारभार या प्रांताला जोडला गेला. मुंबईत उच्च न्यायालय १८६२ मध्येच सुरू झाले होते, पण नागपुरात बराच काळ ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टावर काम भागवले जात होते. नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले आणि सर गिल्बर्ट स्टोन त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. (या आडनावाचा अर्थ मुलांना इंग्रजीच्या तासामुळे ठाऊक असल्याने, दगडी कोर्टाचा पहिला न्यायाधीशही दगडच, यावर वर्ग बराच वेळ हसला.) त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ९ जानेवारी १९३७ रोजी, गव्हर्नर सर हाइड गोवन यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तिचे उद्घाटन केले. आराखडा हेन्री मेड या वास्तुविशारदाचा होता. नवी दिल्ली उभी राहत असताना त्यांनी तेथे काम केले होते, आणि दिल्लीतली दोन मोठी चर्चेसही त्यांच्याच हातची आहेत.

म्हणजे ती इमारत मुंबईच्या शाखेसाठी बांधलेलीच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, प्रांताचा हिंदी भाषक भाग नव्या मध्य प्रदेशात गेला, त्याचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले, आणि विदर्भाचे त्या वेळचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नागपूरच्या या जुन्या इमारतीत बसू लागले. फळ्यावर मी आधी जुन्या प्रांताचा नकाशा काढला आणि मग ओल्या फडक्याने रायपूर, बिलासपूर, जबलपूर, सागर असे एकेक पुसत गेलो. मध्यावर असलेले नागपूर पाहता पाहता काठावर आले. "मंग नागपूर एवढ्या कोपऱ्यात राजधानी कशाले केली होती?" हा प्रश्न एका मुलीने आदल्याच आठवड्यात विचारला होता, तिला वेगळे उत्तर द्यावे लागले नाही.

इतिहास एवढ्यावर थांबवून आम्ही वावरात गेलो. खंडपीठाच्या माहितीत इमारतीचे बाहेरून माप ४०० फूट बाय २३० फूट असे दिलेले आहे आणि घुमटाचा माथा जमिनीपासून १०९ फूट उंच आहे. असे आकडे मुले लिहून घेतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ते उभे राहावे म्हणून शाळेमागच्या, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावराच्या मालकाची परवानगी घेतली, पन्नास फुटांचे चऱ्हाट घेतले आणि चार खुंट्या ठोकल्या. लांबीला आठ चऱ्हाटे, रुंदीला चार चऱ्हाटे आणि वर तीस फूट. कोपरे काटकोनात आले की नाही, हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायला लावले. पायथागोरसच्या नियमाने कर्ण साधारण ४६१ फूट यायला हवा होता, पण एक ४६८ आला आणि दुसरा ४५४. आमचे हायकोर्ट चक्क तिरपे झाले होते. खुंट्या उपटून, तीन-चार-पाचचा त्रिकोण लावून ते पुन्हा आखण्यात आणखी दीड तास गेला. गणिताच्या तासाला मी हा नियम तीनदा शिकवला असेल, पण तो कशाला लागतो हे मुलांना त्या दुपारी कळले.

मग क्षेत्रफळाचा हिशेब निघाला. ४०० गुणिले २३० म्हणजे ९२,००० चौरस फूट, हे सगळ्यांना आले. पण चौरस फुटात आमच्याकडे कोणी जमीन मोजत नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते आणि बोलण्यात एकर. एका मुलाने वहीत भागाकार करून सांगितले की हे दोन एकरांहून थोडे जास्त भरते, दुसऱ्याने ते ८५ आर केले, आणि तिसरा म्हणाला, "म्हणजे आमच्या वावराएवढंच हाय हायकोर्ट!" सातबाऱ्यावर त्याच्या घरचे क्षेत्र खरोखरच ०.८५ च्या आसपास आहे. पुस्तकातल्या 'भव्य', 'देखणी', 'ऐतिहासिक' या विशेषणांनी जे इतकी वर्षे साधले नव्हते, ते या एका वाक्याने झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे. उंचीसाठी गावची पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीवरून आम्ही तिची उंची चाळीस फुटांच्या आसपास काढली. तशा जवळपास पावणेतीन टाक्या एकावर एक ठेवल्या म्हणजे घुमट.

खर्चाच्या आकड्याने थोडी गडबड केली. मूळ अंदाजपत्रक ७,३७,७४६ रुपयांचे होते आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कमीच आला, हे ऐकून मुले आधी हसली आणि मग संशयाने माझ्याकडे पाहू लागली, कारण अंदाजापेक्षा कमी खर्चात झालेले सरकारी काम त्यांनी कधी पाहिलेले नाही. त्या काळच्या रुपयाची आजच्या रुपयाशी सरळ तुलना करता येत नाही, हे सांगावे लागले. त्याऐवजी मी त्यांना त्याच वर्षातली आमच्या जिल्ह्यातली दुसरी वास्तू दाखवली. नागपुरात उच्च न्यायालय सुरू झाले त्याच १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि तेथे माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची कुटी उभी राहिली. पुढे त्या शेगावची पत्रे संत गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. इमारतीचे उद्घाटनही त्याच वर्षीचे. मुलांनी सेवाग्राम अनेकदा पाहिलेले आहे. सुमारे पंचाहत्तर किलोमीटरच्या अंतरात, त्याच चार वर्षांत, एकीकडे व्हाइसरॉयच्या हस्ते दगडी घुमट उघडला जातो आणि दुसरीकडे शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून त्याच व्हाइसरॉयला पत्रे लिहिली जातात, हे शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यावर मी वेगळे भाष्य केले नाही.

आत काय चालते, हा भाग शिकवायला सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत महत्त्वाचा. मी घरोघरच्या खटल्यांची चौकशी मुलांना करायला लावली नाही. गावात अशा चौकशीचे दोन दिवसांत भांडण होते. फक्त कामाचे प्रकार सांगितले. धरणात वावर गेले आणि वाढीव मोबदल्याच्या निकालाने समाधान झाले नाही, तर प्रथम अपील तेथे जाते. जात पडताळणी समितीने दाखला नाकारला, तर त्याविरुद्ध दाद मागायची जागा थेट उच्च न्यायालय आहे, आणि तीही घटनेच्या २२६ व्या कलमाखाली. धुऱ्याचा वाद मात्र तहसील, भूमिअभिलेख, दिवाणी न्यायालय अशा पायऱ्या चढत गेला तरच तेथवर पोचतो, आणि तोवर दोन्ही घरांचे वावर गहाण पडलेले असण्याची शक्यता फार असते, हेही न लपवता सांगितले.

या न्यायालयाने देशाला काय दिले, याचे एक उदाहरण मी दर वर्षी सांगणार आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर छापील मजकुराच्या एका खटल्यात येथले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी अशी कसोटी घालून दिली की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे. बोस पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ही कसोटी सर्वोच्च न्यायालयानेही उचलून धरली. आठवीच्या मुलांना हे कळेल का, अशी मला शंका होती. पण वर्गात कोण कोणाच्या बोलण्याने लगेच रडते आणि कोण नाही, हे त्यांना चांगले माहीत असते. तेथून सुरुवात केली की बोस यांचे म्हणणे फार लांबचे राहत नाही.

सहल रविवारी काढली. सकाळी अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, मग शून्य मैलाचा दगड, आणि दुपारी हायकोर्ट, तेही रस्त्यावरूनच. रविवारी कामकाज नसते आणि कामाच्या दिवशी एकतीस पोरे घेऊन पक्षकारांच्या गर्दीत शिरणे मला योग्य वाटले नाही. दगडातली कविता असे या इमारतीचे वर्णन केले जाते. मुलांपैकी कोणाला कविता आठवली नाही. ज्याचे वडील गवंडीकाम करतात तो मुलगा मात्र बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, वावरात हे लहान वाटलं होतं. बाबा म्हणते, लायनिंग टाकली का घर लहानच दिसते, भिंती चढल्यावर मोठं होते." आणि ०.८५ वाल्या मुलाने विचारले की याचा सातबारा कोणाच्या नावावर आहे. सरकारच्या, असे मी म्हणालो. त्याने ते वहीत लिहून घेतले.

परतल्यावर मोबाइलमधला फोटो आजोबांना दाखवला. त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मंग ते रायपूरवाले आता कुठं जाते?"

२००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि त्यांचे हायकोर्ट बिलासपूरला आहे, असे मी सांगितले.

"बिलासपूरले?" त्यांनी मनातल्या मनात अंतर मोजले. "बरं झालं. जवळ पडलं त्याईले."