आमचा पंचा टेबलावर

इथं अमेरिकेत, कोलंबसला, आमच्या घरमालकांच्या असोसिएशनमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. बाहेर रणरणतं ऊन, आत ड्रायर घरघरतोय. तीन वर्षं सोसलं. ऑगस्टच्या मीटिंगला मात्र अर्ज टाइप करून, दहा प्रती काढून गेले. पाळी आल्यावर उभी राहिले आणि ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाले, "आय वुड लाइक टू टेबल धिस मोशन टुनाइट."

अध्यक्षीणबाईंचा चेहरा असा खुलला! "सेकंड?" ज्या आजोबांनी आमच्या पंच्याची तक्रार केली होती, त्यांनीच हात वर केला. सगळे एका सुरात 'आय' म्हणाले. किती समजूतदार माणसं, म्हणत मी प्रती वाटायला उठले, तर बाई लेबर डेनंतर स्विमिंग पूल बंद करण्यावर पोचल्यासुद्धा होत्या.

शेजारणीनं कानात सांगितलं: टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. माझा विषय मीच बाजूला ठेवला होता. एकमतानं!

आता मला सांगा, चूक कुणाची? बाबा जिल्हा परिषदेत होते. विषय पटलावर आला की सभा त्यावर तुटून पडायची, हे ऐकत मी वाढले. कॅगचा अहवाल विधानसभेच्या पटलावर ठेवला की पेपरात मथळे येतात. हे पटल म्हणजे साहेबाचं टेबलच, आणि साहेब आजही शब्द आपल्यासारखाच वापरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी एक कागद तातडीनं चर्चेला घ्यायचा म्हणून 'टेबल' करू म्हणाले, तर अमेरिकन अडून बसले: छे, महत्त्वाचा आहे, टेबल करायचा नाही. दोघांना तेच हवं होतं हे कळेपर्यंत चांगली खडाजंगी झाली. खुद्द चर्चिलनं लिहून ठेवलंय.

रात्री झोप येईना, म्हणून बाईंचं लाडकं 'रॉबर्ट्स रूल्स' चाळलं. हेन्री रॉबर्ट या लष्करी इंजिनिअरनं सभेचे हे नियम 1876 साली छापले. त्यातसुद्धा टेबलावर ठेवणं म्हणजे मध्येच काही तातडीचं निघालं तर हातातला विषय तात्पुरता ठेवणं. तात्पुरता! आमच्या पूलला कसली आली होती तातडी?

हे सगळं तावातावानं बाबांना फोनवर सांगितलं. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील. ते खो खो हसले. "अगं, तीस वर्षं मी लोकांना काय सांगायचो? फाईल साहेबांच्या टेबलावर आहे. म्हणजे काय, ते त्यांना बरोब्बर कळायचं."

पुढची मीटिंग नोव्हेंबरात. तेव्हा इथल्या बाल्कनीत रुमालही धड वाळत नाही. तरी जाणार आहे. तोवर पंचा जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवर.