हाताशी असलेला हातोडा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला सबंध सत्रभर जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांचा 'बीइंग अँड टाइम' हा एकच ग्रंथ होता. १९२७ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आम्ही मॅक्वरी आणि रॉबिन्सन यांच्या १९६२ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचत असू, आणि दोन तासांत चार परिच्छेद उलगडले तरी पुष्कळ झाले असे वाटे.

'रेडी-टु-हँड' हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. खिळा ठोकणाऱ्याचे लक्ष हातोड्याकडे नसून कामाकडे असते, आणि हातोडा मोडला की मगच तो निव्वळ वस्तू म्हणून डोळ्यांत भरतो, हे उदाहरण समजले होते. शब्द मात्र परकाच राहिला. पुढे मूळ जर्मन 'त्सुहांडन' शब्दकोशात पाहिला, तेव्हा आपण यालाच 'हाताशी' म्हणतो हे ध्यानात आले. आईची सांडशी रोज ओट्यावर हाताशी असते आणि तिचे नावही कोणी काढत नाही. ती सापडेनाशी झाली की घरभर तिचाच गजर होतो. हायडेगर यांनी मोडलेल्या साधनाबरोबर हरवलेल्या साधनाचाही स्वतंत्र विचार केला आहे, तो मला या सांडशीमुळे कळला.

मग उत्साहाच्या भरात मी 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असतो' यांतला फरक घेऊन 'असणे म्हणजे काय' हा ग्रंथाचा मूळ प्रश्न मराठीतून सोडवायला निघाले. इंग्रजीचे काम दोन्हीकडे 'इज'वर भागते, आपले भागत नाही, हे खरे. पण तो फरक सध्याच्या आणि नेहमीच्या स्थितीतला आहे, त्यावर सत्तामीमांसा, म्हणजे असण्याचे तत्त्वज्ञान, उभी राहत नाही. निबंधातली ती चार पाने मी स्वतःच काढून टाकली.

१९३३ साली हायडेगर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाले आणि नाझी पक्षात गेले, ही गोष्ट वर्गात एका वाक्यात उरकली गेली, याचा मला आजही राग येतो. हा ग्रंथ त्यांनी आपले गुरू एडमुंड हुसर्ल यांना अर्पण केला होता. हुसर्ल जन्माने ज्यू होते, आणि १९४१ च्या आवृत्तीत अर्पणपत्रिका गाळली गेली. आमच्या इंग्रजी प्रतीत ती छापलेली असल्यामुळे मधल्या काळात ती नव्हती, हे मला पदवी हातात पडल्यानंतर कळले. हुसर्ल यांचे आभार मानणारी एक तळटीप त्या आवृत्तीतही राहू दिली होती. तिच्यापाशी आम्ही वर्गात थांबलोच नव्हतो.