दालनात इतका कमी उजेड का?

‘एवढी चित्रं आहेत तर सगळी लावत का नाही? आणि लावलेल्यांवर धड उजेड तरी का नाही?’ जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात चित्रं सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला हे दोन प्रश्न सतत विचारले जातात. सूर बहुधा तक्रारीचा असतो, आणि तो मला रास्त वाटतो. एसटीने लांबून आलेल्या माणसाला आपल्या भागातल्या चित्रकाराचं काम नीट बघायचं असतं. तेव्हा जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे दक्षिण महाराष्ट्रातल्या चित्रकारांची जी कामं आहेत, त्यांत जलरंगातली पुष्कळ. जलरंगाचा थर अगदी पातळ असतो. खालचा कागद त्यातून उजळत राहतो, सगळी गोडी त्यातच. पण या पातळ थरातला रंग उजेडाने उडतो. चित्र फाटलं तर सांधता येतं, बुरशी आली तर बऱ्याच वेळा काढता येते. उडालेल्या रंगावर मात्र इलाज नाही. वरून नवा रंग चढवला, तर ते त्या चित्रकाराचं चित्र राहत नाही.

सगळे रंग सारखे उडत नाहीत. गेरूसारखे मातीचे रंग टिकतात, अल्ट्रामरीन निळाही उजेडाला सहसा दाद देत नाही. आधी जातात ते कार्माइनसारखे, कोचिनियल नावाच्या किड्यांपासून केलेले तांबडे-गुलाबी. त्यामुळे सूर्यास्ताच्या चित्रातून आधी सूर्यास्तच जातो, करडं-निळं आभाळ मागे उरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की चित्रकाराने पावसाळी दिवस रंगवलाय.

एका कुटुंबाने दिलेलं तळ्याकाठचं निसर्गचित्र आम्ही नोंदीसाठी फ्रेममधून काढलं, तेव्हा हे अगदी समोर दिसलं. माउंट, म्हणजे चित्राच्या कडांवर बसवलेली पुठ्ठ्याची चौकट, उचललं, तर त्याखाली झाकलेली बोटभर रुंदीची पट्टी वेगळ्याच चित्राची वाटत होती. मधलं आभाळ राखाडी, कडेचं तेच आभाळ गुलाबी-केशरी. एका झाडाची फांदी माउंटच्या रेषेपर्यंत निळसर होती आणि रेषा ओलांडली की हिरवीगार, कारण त्या हिरव्यात मिसळलेला पिवळा उघड्या भागातून उडून गेला होता. त्या घरात कुणी हयगय केलेली नव्हती. उलट आल्यागेल्याला दिसावं म्हणून दिवाणखान्यात, खिडकीसमोर, मानाच्या जागी ते टांगलं होतं.

म्हणून मी म्हणते की चित्रावर पडणारा उजेड हा मुद्दलातला खर्च आहे, त्यावर व्याज मिळत नाही. जलरंग, कागद, कापड यांच्यासाठी जगभरची संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात, तैलचित्रांसाठी २०० च्या आसपास. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. आणि झीज मोजताना वेळही धरावा लागतो: ५०० लक्सखालचा एक तास आणि ५० लक्सखालचे दहा तास जवळपास सारखेच. म्हणजे उजेड कमी करायचा आणि वेळही कमी करायचा. एक चित्र काही महिने दालनात राहतं, मग स्टोअरमध्ये जातं आणि त्याच्या जागी दुसरं येतं. स्टोअरमध्ये ठेवल्याने उडालेला रंग भरून येत नाही, फक्त पुढची झीज थांबते.

दालनाच्या कोपऱ्यात एक छोटं कार्ड ठेवलेलं दिसेल. त्यावर निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली लवकर उडणारी, पुढची प्रत्येक आधीचीपेक्षा टिकाऊ. पट्ट्यांचा अर्धा भाग झाकलेला असतो. उघडा भाग झाकलेल्यापेक्षा फिका दिसू लागला, की भिंतीवर काय चाललंय ते कळतं. मुलांना मी हे कार्ड आवर्जून दाखवते.

सगळ्याच वस्तूंना अंधार लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथल्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे. दगडाला उजेडाची भीती नाही. तिथलीच राजा रविवर्म्याची तैलचित्रंही जलरंगापेक्षा जास्त उजेड सोसतात. आमच्या कागदांना ती मुभा नाही.

आणि कागदावरची कामं आधीच थोडी उरली आहेत. आबालाल रहिमान यांचंच बघा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून हा माणूस कोल्हापुरात परतला, कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहिला आणि तिथलं पाणी, झाडं, बदलता उजेड रंगवत राहिला. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात सोडली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या पिढीचं उरलेलं काम आपण आपल्याच हौसेपायी पाचपन्नास वर्षांत संपवून टाकावं, हे मला पटत नाही. आज दहावीत असलेल्या मुलीच्या नातीलाही ती संध्याकाळ गुलाबी दिसायला हवी.

पावसाळ्यात दमटपणाचं वेगळंच प्रकरण. हवेतली आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि काचेला टेकलेला कागद काचेलाच चिकटतो. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार तर कागदाला फारच वाईट. त्यापेक्षा खेळती हवा आणि एकसारखं हवामान बरं.

तुमच्या घरी आजोबांनी काढलेलं चित्र असेल, तर ते खिडकीसमोर आणि पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि बटाट्याची फोड किंवा ओलं फडकं फिरवून ते ‘स्वच्छ’ करू नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

स्टोअरमधलं एखादं चित्र बघायचं असेल, तर तसंही सांगा. अभ्यास असो वा नुसती ओढ, आम्ही ते टेबलावर काढून दाखवतो. फक्त आधी दोन ओळींचा अर्ज द्या, आणि दालनात शिरल्यावर डोळे उजेडाला सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा.