घरच्या तारांगणासाठी जुने स्लाइड प्रोजेक्टर जमवले, त्याचा अनुभव

घरी तारांगण करायचं म्हटलं की आज कोणीही डिजिटल प्रोजेक्टर घ्यायला सांगतं. मला तो नको होता, कारण मला काळंभोर आकाश हवं होतं. डिजिटल प्रोजेक्टर काळा रंग दाखवतो तेव्हाही त्यातून थोडा उजेड झिरपतो. अंधाराला डोळे सरावले की घुमटावरचं आकाश राखाडी दिसू लागतं. जुन्या प्रोजेक्टरच्या स्लाइडमध्ये, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या छोट्या तुकड्यात, प्रकाश जातो तो फक्त ताऱ्याच्या ठिपक्यातून, बाकी सगळी फिल्म गच्च काळी. हा फरक एकदा पाहिला आणि मग दुसरं काही पटेना.

कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, त्यामुळे मिळेल ते जुनंच. कोल्हापुरात ते दुकानांत फारसे नाहीत, घरांत आहेत. व्याख्यानांना स्लाइड दाखवणारे डॉक्टर, भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, परदेशातून कॅरोसेल, म्हणजे कोडॅकचा गोल ट्रेचा प्रोजेक्टर, घेऊन आलेली माणसं. एका महाविद्यालयात दोन प्रोजेक्टर डेड स्टॉकमध्ये पडून होते. तिथे अर्ज, समिती, निर्लेखन (नोंदीतून वस्तू कमी करणं), लिलाव असा सगळा रस्ता चालावा लागला, पण दोन्ही एकाच मॉडेलचे होते म्हणून मी चिकटून राहिले.

एकाच मॉडेलचा आग्रह का, ते सांगते. प्रोजेक्टर घुमटाच्या मध्याजवळ ठेवला तर चित्र आकाशाचा किती अंश भाग व्यापेल हे लेन्सवर ठरतं. ३५ मिमी स्लाइडची चौकट ३६ बाय २४ मिमी. ८५ मिमीच्या लेन्सने लांब बाजू साधारण २४ अंश व्यापते आणि आखूड बाजू १६. मृगातल्या काक्षी आणि राजन्य या दोन ताऱ्यांमधलं अंतर १९ अंशांच्या आत आहे, म्हणजे मृग नक्षत्राचा हा मुख्य चौकोन एका उभ्या स्लाइडमध्ये खऱ्या आकाराचा बसतो! सप्तर्षी मात्र २५ अंशांहून लांब, त्यांना दोन प्रोजेक्टर लागतात: एकात चौकोन, दुसऱ्यात शेपटी. दोन्हींची लेन्स वेगळी असली की आकार जुळत नाही, बल्ब वेगळा असला की शेपटी पिवळट दिसते.

अमेरिकेतून आलेल्या बऱ्याच कॅरोसेलमध्ये १२० व्होल्ट, ३०० वॅटचा बल्ब असतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतल्या मिस्त्रींनी मागची पट्टी वाचूनच सांगितलं, "ताई, ह्ये थेट दोनशेतीसवर लावू नगासा, बल्ब उडंल." त्यांनीच ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. लेन्स बसवायची एक रिंगही शेजारच्या लेथवर झाली. बाबुराव पेंटरांनी ज्या गावात १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथे अशा कामाला कोणी नाही म्हणत नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आरशात. कॅरोसेलमध्ये स्लाइड ट्रेमधून स्वतःच्या वजनाने खाली पडते. यंत्र घुमटाकडे तोंड करून तिरकं केलं की ती अडकते. म्हणून प्रोजेक्टर सपाट ठेवायचा आणि लेन्सपुढे आरसा लावून प्रकाश वर वळवायचा. घरातला आरसा चालत नाही. त्याचा मुलामा काचेच्या मागे असतो, पुढच्या पृष्ठभागावरूनही थोडा प्रकाश परततो आणि प्रत्येक ताऱ्याशेजारी एक फिकट जुळा तारा उमटतो. मुलामा पुढच्या बाजूला असलेला आरसा लागतो. तो मला भंगारात निघालेल्या झेरॉक्स मशीनमध्ये मिळाला. अशा मशीनमध्ये या आरशांच्या लांब पट्ट्या असतात. त्यांना बोट लावायचं नाही, मुलामा निघतो. आरशाने चित्र उलटतं, तेव्हा फिल्म माउंटमध्येच, म्हणजे स्लाइडच्या चौकटीतच, पालटून बसवायची.

ताऱ्यांच्या स्लाइड ऑफसेट छपाईसाठी फिल्म काढून देणाऱ्याकडून केल्या. संगणकावर पांढऱ्या पानावर काळे ठिपके काढायचे आणि निगेटिव्ह मागायची. तेजस्वी ताऱ्याला मोठा ठिपका, मंद ताऱ्याला बारीक. काळी फिल्म उष्णता शोषून वाकते आणि मधला भाग फोकसमधून जातो, म्हणून काचेचेच माउंट घ्यावेत. लेन्सवर 'एफएफ' (फ्लॅट फील्ड) लिहिलेलं असेल तर ती अशा सपाट स्लाइडसाठीच आहे.

आपल्याकडच्या पावसाळ्यात कंडेन्सरवर, म्हणजे बल्बचा प्रकाश स्लाइडवर गोळा करणाऱ्या भिंगांवर, बुरशी चढते. लेन्स मी सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. बल्ब कमी प्रकाशाच्या बटणावर चालवते, तो जास्त टिकतो.

आता क्षितिज बाकी आहे. जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा घुमटाच्या कडेला उभे करायचे तर रुंद कोनाच्या, ३५ मिमीच्या लेन्स हव्यात, आणि त्याही सारख्या. कोणाच्या माळ्यावर जुना प्रोजेक्टर असेल तर भंगारात घालण्याआधी लेन्सवरचा आकडा वाचा, ट्रे यंत्राबरोबरच राहू द्या आणि आतली उष्णता अडवणारी काच काढू नका. ती एकदा फुटली की तशी काच शोधणं बल्ब शोधण्याहून अवघड आहे.